उतरंडीमागचे लाल ठिपके

मी एकदा गूळ चोरला, आणि त्यापायी आमचं अख्खं घर पौषाच्या थंडीत नऊ दिवस खळ्यावरच्या खोपीत जाऊन राहिलं. मधलं सगळं सांगितल्याशिवाय हे कुणाला पटायचं नाही, म्हणून सांगते. चूक माझी होती, एकटीची होती, आणि ती करताना मी स्वतःला फार हुशार समजत होते.

आठवण निघायचं कारण असं, की परवा वर्तमानपत्रात कुणा ज्योतिष्यानं भूकंपाची तारीख दिली. नातसून कागद घेऊन माझ्या खाटेशी आली. "आजी, त्या दिवशी बाहेर राहायचं का हो?"

"त्या गृहस्थानं याआधी किती तारखा दिल्या होत्या आणि त्या त्या दिवशी काय झालं, हे खाली छापलंय का बघ," मी म्हटलं.

तिनं पान उलटून पाहिलं. "नाही छापलं."

"मग मला दुपारची झोप घेऊ दे."

ती गेली, पण झोप काही आली नाही. या वयात भूकंपाची भीती वाटत नाही. उठून पळायचं म्हटलं तर गुडघे सरळ होईपर्यंत तो येऊन निघूनही जाईल. कंटाळा येतो तो माणसांचा. साठ वर्षांपूर्वी मी जे केलं, तेच अजून कुणीतरी करतंय आणि कुणीतरी ऐकतंय. मला वाटलं होतं, निदान एवढा मूर्खपणा तरी माझ्याबरोबर संपेल.

माझं माहेर जुन्नरचं. वडील तिथल्या शाळेत शिपाई होते. घंटा देऊन झाली की ते मला वर्गाच्या मागच्या दाराशी बसवायचे. तिथं बसून ऐकत ऐकत मी तिसरीपर्यंत शिकले, म्हणजे वाचायला आलं, बेरीज-वजाबाकी आली आणि गर्व आला. सासर मिळालं ते आंबेगावच्याही वर, घोडनदी जिथून निघते त्या अंगाच्या डोंगरात. भात, नाचणी, वरई, दोन बैल, एक म्हैस. गावात अक्षर ओळखणारी बाई मी एकटीच. त्यामुळे माझ्या बोलण्याला पात्रतेपेक्षा जरा जास्त मान होता.

गावातली बाकीची घरं कारवीच्या कुडाची, वर पेंढा. आमचं तेवढं दगडमातीचं, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. त्याचा आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, फार तोरा. फक्त माजघराच्या उत्तरेकडच्या भिंतीचं पोट सुटलं होतं. दर पावसाळ्यानंतर ते आणखी थोडं पुढं आलेलं दिसायचं. मामंजी दर दिवाळीला तिच्यावर हात ठेवून म्हणायचे, "औंदा ही उतरवून नव्यानं चढवली पायजे. न्हाईतर एक दिवस बसंल कुणाच्या तरी डोक्यात." मग भात झोडणी यायची आणि ते राहून जायचं. आत्याबाईंनी शेवटी त्या पोटापुढं धान्याची कणगी उभी केली. भिंत दिसेनाशी झाली, म्हणजे प्रश्न मिटला.

मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि मला गोडाची हाव होती. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उतरंड होती. खाली मोठा डेरा, त्यावर मडकं, त्यावर त्याहून लहान, अशी एकावर एक सहा भांडी. सगळ्यात वरच्या गाडग्यात गूळ, कारण तिथवर माझा हात पोचत नाही असा आत्याबाईंचा हिशेब. पीठ मळायची काठवट पालथी घालून तिच्यावर उभं राहता येतं, हे त्यांना सुचलं नव्हतं. भादव्यातल्या एका सकाळी माझा पाय काठवटीवरून सरकला, गाडगं खाली आलं आणि त्याच्या खापऱ्या झाल्या.

"काय फुटलं गं?" गोठ्यातून आवाज आला.

त्या वर्षी बाजारातून एक बातमी घरोघर पोचली होती, की वर उत्तरेत कुठंतरी मोठा धरणीकंप झाला आणि गावंच्या गावं बसली. ती माझ्या कामाला आली. तोंडात गूळ होता, त्यामुळे आवाज जरा घोगरा निघाला. "आत्याबाई, धरणी हालली."

त्या शेणाच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. "धरणी हालली आन् मला न्हाई कळलं? मी काय हवेत बसली व्हती?"

"तुम्ही गोठ्यात होता."

"आन् गोठा धरणीवर न्हाई?"

संध्याकाळी मामंजी आले की माझी पेशी होणार हे ठरलं. पण त्याच दिवशी, ऊन कलल्यावर, जात्याचा खुंटा आपोआप खडखडायला लागला. शिंकं डोलायला लागलं. खोल कुठंतरी दगडांवरून गाडी चालल्यासारखा आवाज आला आणि गेला. आम्ही सगळे अंगणात पळालो. म्हैस दाव्याला ताण देऊन उभी होती. गाव सगळं बाहेर आलं होतं, पोरं रडत होती, आणि आत्याबाई एकट्या माझ्याकडं बघत होत्या.

"ही सकाळीच म्हणली व्हती," त्या शेजारणीला हळूच म्हणाल्या. "मी म्हणलं खोटं बोलतीया. हिला आदीच कळलं गं."

मी तेव्हाच गूळ कबूल करायला हवा होता. पण पाठीवरचा रट्टा चुकला होता, तो परत बोलावून घेण्याइतकी मी भोळी नव्हते. मान खाली घातली. ते सगळ्यांना विनय वाटलं.

पुढं आठ दिवसांत माझं पाणी भरणं कमी झालं. डोक्यावर हंडा असला की उतरंडीकडं लक्ष कसं राहील, असं आत्याबाईंचंच म्हणणं. कारण मीच सांगून बसले होते, की मला उतरंडीकडून कळतं. खालच्या डेऱ्याला तळवा लावला की आत कुजबुज होते, असं मी बायकांना सांगायची. काही दिवसांनी मला खरंच कुजबुज जाणवायला लागली. डेऱ्यात नाचणी होती आणि नाचणीत किडे होते, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

त्या वर्षी जमिनीला जरा अस्वस्थपणाच आला होता. पंधरा-वीस दिवसांत एखादा बारीक हादरा बसायचाच. त्यामुळे मी काहीही म्हटलं असतं तरी मधूनमधून खरं ठरलंच असतं. पण हे गणित तिसरीच्या पुस्तकात नव्हतं. मी दिवस कधी नक्की सांगायची नाही. 'दोन-चार दिवसांत' म्हणायची. दोन-चार हा शब्द फार उदार आहे, सहाव्या दिवशी हादरा बसला तरी तो तक्रार करत नाही. इथं काही झालं नाही आणि कुणी पाव्हणा म्हणाला की जुन्नरकडं भांडी वाजली, तर ते माझंच. कुठंच काही झालं नाही तर 'बारीक होता, तुम्ही कामात होता' असं म्हणायची, आणि कामात तर सगळेच होते. खरं ठरलं की उतरंडीमागच्या भिंतीवर काव घेऊन बोटानं एक लाल ठिपका काढायची. खोटं ठरलं तर काही काढायची नाही. खोटं कुठं काढतात, असं मला वाटे. ते झालेलंच नसतं.

एकदा आमचे हे बेल्ह्याच्या बैलबाजाराला निघाले. दाराशी घुटमळले. "जाऊ ना गं? काय हालायबिलायचं न्हाई ना?"

"जा खुशाल. आठ दिवस काही नाही."

सहाव्या दिवशी परत आले ते लंगडत. ऐन बाजारात जमीन हलली, जनावरांनी दावी तोडली आणि नव्या बैलामागं हे अर्धं बेल्हं पळाले. "तू तर न्हाई म्हणली व्हतीस," घाम पुसत म्हणाले.

"मी इथलं सांगितलं होतं. बेल्ह्याचं बेल्ह्याच्या बायकांना विचारायचं."

त्यांनी थोडा विचार केला आणि मान डोलावली. माणूस साधा होता. आणि हादरा तर बसलाच होता, म्हणून मी एक लाल ठिपका काढला.

असे सात ठिपके झाले तेव्हा कार्तिक लागला होता. माझी नणंद बाळंतपणाला माहेरी आली. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, मी तिला वन्सं म्हणायची. हे तिचं दुसरं. पहिलं मूल पाचवी पुजायच्या आधीच गेलं होतं. त्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही. ती मात्र चालताना हात पोटाखाली धरून चालायची, भरलेली घागर सांडेल अशा बेतानं. तिची बाज माजघरात घातली, कणगीच्या शेजारी, कारण घरात तेवढीच जागा वाऱ्याच्या आड होती.

त्याच आठवड्यात जुन्नरची खाला आली. जुन्नरला मुसलमान कारागिरांची हातानं कागद करणारी घरं होती, त्यातल्या एका घरातली ही म्हातारी. दिवाळीनंतर तट्टू घेऊन डोंगरात यायची आणि फाटके गोणपाट, चिंध्या, जुने दोर गोळा करून न्यायची. त्याचा लगदा व्हायचा आणि लगद्याचा कागद. मला लहानपणापासून ओळखायची. चुलीपाशी चहा पिताना तिची नजर भिंतीवर गेली.

"हे काय गं बेटी? देवीबिवी आली का भिंतीला?"

नणंद कौतुकानं सांगायला लागली. "खाला, आमच्या वैनीला धरणी आदी सांगती. सात येळा खरं झालं. त्याचे ठिपके हायत."

खालानं ठिपके मोजले. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आन् भोकाचे ताव कुठं हायत?"

मला कळलं नाही.

"आमच्याकडं बी भिंत असते," ती म्हणाली. "ओला ताव भिंतीला लावायचा, वाळला की सोडवायचा. भिंतीला समदेच लागतात बेटी, चांगले बी आन् भोकाचे बी. मग मी एकेक उजेडाला धरते. भोकाचे पहिल्यांदा बाजूला काढते. भोकाचे किती निघाले, त्यावरनं कळतं कारागिराचा हात कसा चाललाय. नुसते चांगले दावले तर माझा आंधळा मामू बी उस्ताद ठरंल."

"माझे भोकाचे नाहीतच," मी म्हटलं.

"मग तू कागद करतच न्हाईस," खाला म्हणाली आणि हसली. तिला दोनच दात होते, पण ते दोन्ही माझ्यावर हसले. उठताना तिनं चंचीतून चुन्याची डबी काढली आणि माझ्या नखावर थोडा चुना दिला. "हा घे. म्हणलीस आन् झालं न्हाई, त्या दिसाचा पांढरा काढत जा. म्हणली न्हाईस आन् झालं, त्याचा बी काढ. एक साल काढ, मग मला बोलव. मी उजेडाला धरून सांगते."

ती तट्टूवर गोणपाट लादायला गेली आणि मी तो चुना चुलीच्या राखेत पुसून टाकला. चिंध्या गोळा करणारी बाई मला शिकवणार का, असं माझ्या मनात आलं. नणंदेनं ते पाहिलं.

मार्गशीर्षात धरणी हललीच नाही. पौष लागला आणि तिचे दिवस भरत आले. एका सकाळी मी भाकरी थापत होते. ती चुलीपाशी येऊन बसली, जमिनीला हात टेकून, सावकाश.

"वैनी, एक इचारू? हसू नगंस."

"विचारा ना, वन्सं."

"मी घरात बाळंत व्हऊ का बाहीर?"

मी हसले नाही. ती पुढं म्हणाली, "आत दगडाखाली भ्या वाटतंय. आन् बाहीर लई गारठा हाय. आयला इचारलं तर ती म्हणती वैनीला इचार. तू म्हणशील तसं. हे तरी पोर राहू दे."

मला माहीत नाही, असं म्हणायचं होतं. तीन शब्द. तिसरीतल्या कुठल्याही मुलाला पाटीवर लिहिता येतात. पण माझे सात ठिपके होते, कमी झालेल्या घागरी होत्या, आणि माझ्यापुढं बसून इतक्या विश्वासानं याआधी मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी पिठाचे हात धुतले, उतरंडीपाशी गेले, डेऱ्याला तळवा लावला. डोळेही मिटले. सातातले तीन ठिपके पौर्णिमेच्या आसपासचे होते हे मला आठवलं. उरलेले चार कधीचे होते ते आठवलं नाही, कारण आठवायचा प्रयत्नच केला नाही.

"पौर्णिमेपर्यंत दगडाखाली राहू नका," मी म्हटलं.

घरातून निघायला अर्धा दिवस लागला. दुसऱ्याच्या कुडाच्या घरात जायचं तर बाळंतपणाचा विटाळ त्यांच्या घराला लागायचा, ते आत्याबाईंना चालणार नव्हतं. म्हणून खळ्यावरची खोप. भात राखायला बांधलेली, तीन बाजूंनी कारवीचा कूड, चौथ्या बाजूला घोंगडं. शेजारीच पेंढ्याची गंजी, त्यामुळे मोठा जाळ करायची सोय नाही. मामंजींनी निघताना भिंतीच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, "ही उतरवली असती तर हा खटाटोप कशाला?" त्यांच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. ते काही भाकीत सांगणारे नव्हते.

वारा कूड ओलांडून यायचा. आम्ही पोती टांगली तर तो खालून यायचा. मी पहिल्या दिवशी चार वेळा घरात जाऊन उतरंडीला हात लावून आले, सगळे बघत असताना. तिसऱ्या दिवशी दोन वेळा गेले. पाचव्या दिवशी मी मनातल्या मनात देवाजवळ भूकंप मागायला लागले. लहानसा चालेल, म्हटलं, भांडी वाजण्यापुरता. असली मागणी आजवर कुणा देवापुढं गेली नसेल.

सहाव्या दिवशी दुपारी नणंदेला कळा सुरू झाल्या. सुईण आली तीच कुरकुरत. "घर टाकून ह्या वाऱ्यात कुणाची अक्कल म्हनायची ही? पाणी तापवून हितवर आणंस्तवर गार व्हतंय."

"धरणी हालणार हाय म्हणं," आत्याबाई म्हणाल्या. आवाजात आता तितका जोर नव्हता.

"धरणीला काय घाई? घाई हिला हाय," सुईण म्हणाली आणि घोंगड्याआड गेली.

मी घर ते खोप पाणी वाहात राहिले. जितक्या घागरी चुकवल्या होत्या तितक्या त्या एका दुपारी भरल्या असतील. उन्हं उतरता उतरता मुलगी झाली. रडली, पण दातखीळ बसल्यासारखी, थांबत थांबत. सुईणीनं तिला स्वतःच्या चोळीत धरून ऊब दिली आणि म्हणाली, "जगंल. पण हिची आय बघा." नणंदेचं अंग थडथड उडत होतं. सगळी घोंगडी तिच्यावर घातली तरी थांबेना.

मी तेव्हा म्हणायला हवं होतं, चला घरात. म्हणाले नाही. पौर्णिमेला अजून तीन दिवस होते, आणि आता घरात गेलो तर आधीचे सहा दिवस कशासाठी, हा प्रश्न माझ्यावर आला असता. त्या तीन दिवसांचं मला अजून सर्वांत जास्त वाटतं. पहिल्या सहांना निदान अडाणीपणाचं नाव देता येतं.

पौर्णिमा झाली. धरणी हलली नाही. आम्ही घोंगडी, भांडी, बाळ, बाळंतीण घेऊन घरी आलो. मला कुणी काही बोललं नाही. शिवी आली असती तर बरं वाटलं असतं. नणंदेचा ताप पंधरा दिवस मुरला, अंगावरचं दूध आटलं, मुलगी शेळीच्या दुधावर वाढली. तापातून उठली ती उजव्या पायात वात घेऊन. तो पाय तिनं जन्मभर ओढला. मुलगी मात्र टणक निघाली. आता तीही म्हातारी झाली, नारायणगावला असते. भेटली की अजून विचारते, "मामी, आज काय म्हणती उतरंड?"

घरी आल्यावर मी सांगणं बंद केलं. कुणी विचारलं तर म्हणायची, "आता काही होणार नाही, शांत झालीय धरणी." यात मी पुन्हा सांगतच होते, हे माझ्या ध्यानात आलं नाही. होणार नाही म्हणायलाही तितकंच माहीत असावं लागतं.

माघातली सकाळ होती. नणंदेला ऊन बरं वाटायचं, म्हणून ती पोरीला मांडीवर घेऊन अंगणात तेल लावत बसली होती. आत्याबाई गोठ्यात. मी स्वयंपाकघरात, आणि आता लपवून काय करू, काठवटीवर उभी होते. हात गुळाच्या नव्या गाडग्यात होता. उतरंडीनं मला काही सांगितलं नाही. डेरा गप्प होता. एकदम खालून कुणी दणका दिल्यासारखं झालं, मी काठवटीवरून खाली आले आणि गाडगं माझ्या शेजारी येऊन फुटलं. या वेळी ते खरोखर धरणीनं पाडलं होतं आणि ते सांगायची मला सोय राहिली नव्हती.

मग माजघरात मोठा आवाज झाला. धूळ इतकी, की दार दिसेना. बाहेर येऊन बघितलं तर उत्तरेची भिंत आत बसली होती. कणगी चेपून आडवी झाली होती. शेजारची बाज दगडांखाली होती, तिचा एक पाय वर दिसत होता. नणंद अंगणात पोरीला छातीशी धरून उभी, तेलाचे हात तसेच. ऊन नसतं तर ती आत असती. सकाळी जरा ढग होते, ते सरले, एवढंच.

मामंजी शेतातून पळत आले. माणसं मोजली. मग दगडांकडं बघत उभे राहिले. "ह्या भिंतीचं तर मी धा वर्सं सांगतोय," ते कुणाला तरी म्हणाले. दिवस त्यांनी कधी सांगितला नव्हता. भिंत मात्र बरोबर सांगितली होती. तेवढं सांगायला उतरंड लागत नव्हती, नुसती कणगी बाजूला करावी लागत होती.

दुपारपर्यंत गाव जमा झालं. आणि जमलेल्या बायकांनी जे काढलं, ते ऐकून मी चूलच धरून बसले. "हिनं सांगितलंच व्हतं दगडाखाली राहू नका म्हणून." "थोडी येळ चुकली, पर धरणी हालली का न्हाई?" "बाज बघा की, बाजंवरच आली भिंत." मी म्हटलं, अहो, मी पौर्णिमेपर्यंत सांगितलं होतं, पौर्णिमा होऊन तीन आठवडे झाले. एक म्हातारी म्हणाली, "पौर्णिमा तर दर म्हयन्याला येती, पोरी. तू कंची म्हणली व्हतीस ते आमाला काय ठावं?" माझीच विद्या होती, माझ्याहून चांगली वापरली. त्यांनी माझ्या उतरंडीला हळदकुंकू लावलं. एकीनं नारळ ठेवला.

आत्याबाई परत फुलल्या होत्या. त्यांच्या लेकीचा पाय त्यांनाही दिसत होता, पण नऊ दिवस उगीच काढले असं मानण्यापेक्षा सून ज्ञानी आहे हे मानणं सोपं होतं. त्यांना मी दोष देत नाही. बायका गेल्यावर त्यांनी स्वतः काव कालवून वाटी माझ्या हातात दिली. "काढ गं आठवा ठिपका. आन् ह्यो जरा मोठा काढ."

त्या गोठ्याकडं गेल्या. मी वाटी घेऊन उतरंडीमागं उभी राहिले. बोट बुडवलं. सात ठिपके माझ्याकडं बघत होते. तेवढ्यात मागं पाय ओढल्याचा आवाज आला. नणंद होती. काखेत पोरगी, आणि हातात आत्याबाईंच्या चंचीतली चुन्याची डबी. डबी तिनं उघडून उतरंडीच्या कडेला, नारळाशेजारी ठेवली. मग पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि अगदी नेहमीच्या आवाजात मला म्हणाली:

"काढ की, वैनी, खुशाल काढ. पर आदी त्या नऊ दिसांचे नऊ भोकाचे काढ, मंग ह्यो एक. आन् म्होरल्या येळी तुला काय कळलं, तर मला सांगू नगंस. उतरंडीलाच सांग, तिला बाळंत व्हायचं नसतं."